परदेशात राहताना अचूक आणि ताजा नकाशा कुठून मिळवायचा?

वेताळटेकडी (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या चाकणच्या ऑफिसातून दर वर्षी काही जण दक्षिण कोरियाला कामासाठी जातात. निघायचं ठरलं की कुकर न्यावा का, हिंग नेता येतो का, प्लग कुठला लागतो, सगळं विचारून होतं. नकाशाचं मात्र कुणी विचारत नाही. फोनमध्ये गूगल मॅप्स आहे म्हणजे झालं, अशी समजूत असते. मी नवरा आणि लेकासह सुवॉनला राहून आता पुण्यात परत आले आहे, आणि जो कुणी निघतो त्याला सगळ्यात आधी नकाशाचं सांगते. तेच इथे सविस्तर लिहिते. इतर देशांत राहणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणची भर घालावी ही विनंती.

पुण्यात पत्ता चुकला तर पत्र्या मारुतीपाशी गाडी थांबवून कुणालाही विचारता येतं. तिथे भाषा येत नसते, ओळखीचं कुणी नसतं. लेकाला रात्री ताप चढला की उघडं औषधाचं दुकान कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, मागच्या दाराने की पुढच्या, हे नकाशानेच सांगायला हवं.

तर कोरियाबद्दल. तिथल्या कायद्यानुसार १:५,००० प्रमाणाचा तपशीलवार नकाशा-डेटा सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. सीमेपलीकडे उत्तर कोरिया आहे, त्यामुळे कारण उघड आहे. गूगलने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये परवानगी मागितली होती, २०१६ मध्ये सरकारने ती नाकारली. मी होते तोवर तरी गूगलवर बस आणि मेट्रो दिसायची, पण चालत किंवा गाडीने कसं जायचं हे विचारलं की रस्ताच मिळायचा नाही.

तिथली माणसं नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप वापरतात. दोन्ही इंग्रजीत चालतात. त्यांचा तपशील बघून मी थक्क झाले. मेट्रो स्टेशनच्या कुठल्या क्रमांकाच्या दाराने बाहेर पडायचं, गाडी बदलायची असेल तर कुठल्या डब्याच्या दाराशी उभं राहिलं की कमी चालावं लागेल, इथपर्यंत माहिती मिळते. शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. एकाच नावाची तीन स्पेलिंगं असतात. पत्ता हांगुल या कोरियन लिपीतच साठवून ठेवा आणि तसाच चिकटवा. तेही नसेल तर दुकानाचा किंवा दवाखान्याचा फोन नंबर टाका, नंबरावरूनही जागा सापडते.

पत्त्याची पद्धत समजून घेतली की अर्धं काम झालं. पूर्वी तिथे भूखंडाच्या क्रमांकावर पत्ते असायचे, त्यामुळे शेजारच्या दोन घरांच्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध नसायचा. १ जानेवारी २०१४ पासून रस्त्याच्या नावाचा पत्ता हाच अधिकृत झाला. रस्ता सुरू होतो तिथून डावीकडे विषम आणि उजवीकडे सम क्रमांक, आणि दर वीस मीटरला आकडा दोनने वाढतो. म्हणजे इमारतीच्या क्रमांकाला दहाने गुणलं की रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर साधारण कळतं. ८६ क्रमांक म्हणजे साडेआठशे मीटरच्या आसपास. फोनची बॅटरी संपली तरी हे उपयोगी पडतं.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. सुवॉनच्या उत्तरेला ग्वांग्योसान म्हणून ५८२ मीटरचा डोंगर आहे, आम्ही सुट्टीच्या दिवशी तिथे जायचो. पायवाटेवर खांबाला पिवळी पाटी असते, तिच्यावर दोन कोरियन अक्षरं आणि आठ आकडे. सगळा देश १० मीटर बाय १० मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला असा क्रमांक दिला आहे. जिथे इमारत नाही, रस्ता नाही, तिथे पाय मुरगळला तर ११९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून पाटीवरचं वाचून दाखवायचं. आपल्या राजगड-तोरण्याच्या वाटेवर हे असावं असं मला मनापासून वाटतं.

आता ताजेपणाचं. आमच्या घराजवळच्या एका जुन्या वस्तीचं पुनर्विकासाचं काम सुरू झालं आणि बघता बघता अख्ख्या गल्ल्या पत्र्याच्या कुंपणाआड गेल्या. एका परदेशी अ‍ॅपवर त्या गल्ल्या पुढे कितीतरी महिने जशाच्या तशा होत्या. रेखाटन अगदी बिनचूक होतं, पण नकाशा शिळा होता. तेव्हापासून कुठलाही नकाशा बघताना मी दोन वेगळे प्रश्न विचारते: हा बरोबर आहे का, आणि हा कधीचा आहे? कोरियन अ‍ॅपमध्ये रस्त्यावरच्या फोटोंवर वर्ष आणि महिना असतो, जुन्या वर्षांचे फोटोही बघता येतात. घर भाड्याने घेण्याआधी ते जरूर बघावेत.

मुठाकाठ (पुणे)

माहिती चांगली आहे, पण सगळ्यांनाच एवढी गरज आहे का? मी कामानिमित्त नेदरलँड्समध्ये राहिलो आहे. गूगलवर माझं काहीही अडलं नाही. नवीन माणसाला पाच अ‍ॅप सांगितली तर तो गोंधळेल.

वेताळटेकडी (पुणे)

मुठाकाठ, शहरातल्या शहरात, मोठ्या रस्त्यांवर, युरोपात, तुमचं म्हणणं पटतं. पण प्रश्न एकाच अ‍ॅपचा नाही. ज्या देशात राहायचं आहे तिथली माणसं काय वापरतात हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावं, एवढंच मी सांगते. उत्तर गूगल आलं तर उत्तमच.

आणि ताजेपणासाठी आपल्याच चांदणी चौकाचं बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन रॅम्पसह काम खुलं झालं. कुठल्या रॅम्पवर चढलं की बावधन आणि कुठून मुंबईकडे, हे तेव्हा कोथरूडमधल्या जुन्या रहिवाशांनाही पाट्या वाचून ठरवावं लागत होतं. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात त्या आधीचा नकाशा असता तर त्याने काय करायचं?

प्लेनटेबल (पुणे)

ताईंनी अचूकपणा आणि ताजेपणा वेगळा केला हे फार बरं झालं. आमची हयात मोजणीच्या कामात गेली, त्यामुळे थोडं लिहितो.

कागदी नकाशाच्या समासात दोन वर्षं असतात. एक सर्वेक्षणाचं, एक छपाईचं. लोक छपाईचं वर्ष वाचतात आणि नकाशा नवा आहे असं धरून चालतात. आत मोजणी कधीकधी वीस-पंचवीस वर्षं जुनी असते. फोनवरच्या नकाशाला समासच नाही, म्हणून तारीख मुद्दाम शोधावी लागते. संगणकावर गूगल अर्थ उघडलं की खाली उपग्रहचित्राची तारीख दिसते, मागची चित्रंही बघता येतात. युरोपीय संघाच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं तर कुणालाही फुकट मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं. त्यात एक ठिपका म्हणजे १० मीटर, त्यामुळे गल्ली दिसणार नाही, पण नवा महामार्ग झाला का, पुराचं पाणी उतरलं का, हे कळतं.

दुसरं प्रमाणाचं. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ २५ मीटर व्यापते. असा नकाशा स्कॅन करून फोनवर कितीही मोठा केला तरी तो जास्त अचूक होत नाही. ट्रेकला जाणारी मुलं आमच्याकडे टोपोशीट (डोंगर-उतार दाखवणारे सरकारी नकाशे) घेऊन यायची, त्यांना हे प्रत्येक वेळी सांगायचो.

तिसरं, जुना नकाशा आणि जीपीएस यांचा पाया, म्हणजे मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार, वेगळा असू शकतो. आपल्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट स्फेरॉइडवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. जपानने २००२ मध्ये पाया बदलला तेव्हा टोकियोच्या परिसरात त्याच जागेचे अक्षांश-रेखांश सुमारे साडेचारशे मीटरने सरकले. परदेशात जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुंदर नकाशे मिळतात, जरूर घ्या, पण त्यावरचे आकडे थेट फोनमध्ये टाकू नका.

कोथरूडची_आई (पुणे)

वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगी जर्मनीत आखेनला शिकायला गेली आहे. तिने पत्ता पाठवला. रस्त्यावरचे फोटो उघडून बघितले, तर नेमकी तिचीच इमारत पूर्ण धूसर, आजूबाजूची सगळी स्पष्ट. पत्त्यात फ्लॅट नंबरही नाही. हा पत्ता खरा आहे ना, या काळजीत दोन रात्री झोप नाही. तिला विचारलं तर ती म्हणते इथे असंच असतं.

नेकारकाठी (श्टुटगार्ट, मूळ पुणे)

काकू, निर्धास्त राहा, मुलीचं म्हणणं अगदी खरं आहे. जर्मनीत आपल्या घराचा फोटो धूसर करा अशी मागणी रहिवाशाला करता येते. २०१० मध्ये गूगलने वीस मोठ्या शहरांचे फोटो आणले तेव्हा सुमारे २,४४,००० घरांनी तशी मागणी केली होती. पुढे बरीच वर्षं गूगलने नवे फोटो टाकलेच नाहीत, थेट २०२३ मध्ये टाकले. इमारत धूसर असणं म्हणजे तिथल्या कुणीतरी हक्क वापरला, एवढाच अर्थ.

फ्लॅट नंबर इथल्या पत्त्यात बहुधा नसतोच. खाली दाराशी बेलच्या बटणांपुढे आडनावं असतात. टपालपेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, म्हणून तिला विचारा की बेलवर आणि पेटीवर तिचं आडनाव लागलं आहे का. खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर पत्त्यात त्या माणसाचं नावही लिहावं लागतं.

आखेन ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याचा स्वतःचा नकाशा आहे, टिम-ऑनलाइन नावाचा, ब्राउझरमध्ये फुकट उघडतो. इमारतीचा आकार, घरक्रमांक, वरून काढलेला फोटो, सगळं सरकारी मोजणीतलं. इथे मोजणी खातं राज्यागणिक वेगळं. बव्हेरियात बायर्नअ‍ॅटलस, आमच्याकडे बाडेन-व्युर्टेंबर्गचं वेगळं. जंगलातल्या वाटांसाठी मी सरकारी नकाशाच वापरतो.

बर्लिनला जाणाऱ्यांना एक सूचना: तिथे काही जुन्या रस्त्यांवर घरक्रमांक एका बाजूने शेवटपर्यंत चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. १२ च्या समोर २२० असू शकतो. कोपऱ्यावरच्या पाटीवर त्या पट्ट्यातले क्रमांक लिहिलेले असतात, ते वाचायची सवय लावा.

कोथरूडची_आई (पुणे)

खूप खूप आभार. टिम-ऑनलाइनवर घर सापडलं. मागे झाडं आहेत, जवळच बसथांबा आहे. तिच्या बाबांनाही दाखवलं. बेलवर आडनाव लागलं आहे म्हणाली.

हाकोनेवाट (योकोहामा)

जपानची भर. इथे बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता म्हणजे वॉर्ड, मग विभाग, मग गट, मग इमारत, असा बाहेरून आत येतो. त्यामुळे नकाशाशिवाय जपानी माणसालाही घर सापडत नाही. गाडीतल्या नकाशात आम्ही फोन नंबर किंवा मॅपकोड नावाचा आकडा टाकतो.

सरकारी नकाशा कोकुदो चिरीइन या संस्थेचा, १:२५,००० चा, पूर्ण देशाचा, संकेतस्थळावर फुकट. त्यात २०१९ पासून एक नवं चिन्ह आलं आहे: जुन्या त्सुनामी, पूर, भूस्खलन यांच्या आठवणीसाठी गावकऱ्यांनी उभे केलेले दगड. पूर्वजांनी पाणी कुठवर आलं होतं ते दगडावर कोरून ठेवलं आणि सरकारने ते दगड नकाशावर आणले. घर बघायला गेलो तेव्हा मी आधी तोच थर उघडला, शिवाय महापालिकेचा पूर-भूकंपाचा धोका दाखवणारा नकाशा. इथे घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही बघावेत. भाडं हजार-दोन हजार येन कमी असलेली जागा मी नदीकाठच्या निळ्या पट्ट्यात दिसली म्हणून सोडली आणि त्याचं समाधान आहे.

सोनचाफा (शांघाय)

चीनला येणाऱ्यांनो, एवढं लक्षात ठेवा. इथे कायद्यानेच नकाशे जीसीजे-०२ या पद्धतीवर असतात. त्यात प्रत्येक जागा तिच्या खऱ्या जीपीएस स्थानापासून मुद्दाम काहीशे मीटर सरकवलेली असते. बायडू हे इथलं नकाशाचं अ‍ॅप त्यावर आणखी एक सरकवणी करतं. म्हणून गूगलवर रस्ते आणि उपग्रहचित्र एकमेकांवर बसत नाहीत, आणि एका अ‍ॅपमधले अक्षांश-रेखांश दुसऱ्यात टाकले की माणूस भलत्याच चौकात पोचतो. गाओदे हे इथलं अ‍ॅप वापरा. आयफोनवाल्यांनो, चीनपुरता अ‍ॅपलच्या नकाशातही गाओदेचाच डेटा असतो.

खजुराचं_झाड (दोहा)

कतारमध्ये इमारतीच्या दारावर निळी पाटी असते: इमारत, रस्ता आणि झोन, तिन्हींचे क्रमांक. तीन आकडे सांगितले की काम झालं. दुबईत तशीच मकानी या पत्ता-पद्धतीची दहा आकडी संख्या दाराशी लावलेली असते. रुग्णवाहिकेला हेच सांगावं. "अमक्या सुपरमार्केटच्या मागे" असं पुणेरी पद्धतीने सांगू नये, एकाच नावाची सात दुकानं निघतात.

बाओबाब (दारेसलाम)

इतका वेळ श्रीमंत देशांबद्दल वाचत होतो. जिथे सरकारी नकाशा जुना आणि व्यापारी नकाशा अर्धवट, तिथे काय करायचं? माझं उत्तर ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. दारेसलाममध्ये २०१५ पासून रमानी हुरिया या प्रकल्पात विद्यार्थ्यांनी आणि वस्तीतल्या लोकांनी पुराचा धोका असलेले भाग गल्लीगल्लीने नोंदवले. घरं, गटारं, मोऱ्या, सगळं. एप्रिलच्या पावसात कुठला कच्चा रस्ता टाळायचा हे ठरवताना मी याच नकाशावरचे नाले बघतो.

ताजेपणाचा प्रश्न इथे सगळ्यात स्वच्छ सुटतो. संकेतस्थळावर कुठल्याही रस्त्यावर टिचकी मारली की तो शेवटचा कधी बदलला आणि त्याआधी काय होता, पूर्ण इतिहास दिसतो. फोनवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड घ्या, अख्खा देश उतरवून ठेवा, इंटरनेट नसलं तरी चालतं. फक्त उतरवलेला नकाशा दर महिन्याला अद्ययावत करा, नाहीतर तोही शिळा.

आणि चूक दिसली तर दुरुस्त करा. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप आहे, ते चालता चालता साधे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी की मातीचा, इथे दिवा आहे का, या दुकानाची वेळ काय. आपल्याला पाहुणे म्हणून राहू देणाऱ्या शहरासाठी एवढं तरी करावं.

प्लेनटेबल (पुणे)

बाओबाब, उत्तम. एकच सावधगिरी सांगतो: दुरुस्ती करताना स्वतः पाहिलेलं तेवढंच नोंदवावं. गूगलवरून किंवा छापील नकाशावरून नाव उतरवून टाकू नये, तो दुसऱ्याच्या मालकीचा डेटा असतो. आणि ज्या देशात मोजणीवर कायद्याने बंधन आहे, चीनसारख्या, तिथे परदेशी माणसाने असली कामं करूच नयेत. सीमेजवळ, बंदरापाशी, लष्करी भागात तर नाहीच.

मुठाकाठ (पुणे)

दोहा आणि दारेसलामचे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. नेदरलँड्समध्ये अडलं नाही याचं कारण तिथला डेटाच चांगला होता, हे लक्षात आलं. ब्रिटनला भाऊ आहे. त्याने ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी मोजणी संस्थेचा कागदी नकाशा घेतला, त्यासोबत फोनवर तोच नकाशा उतरवायचा कोड मिळतो. शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक हक्काच्या पायवाटा त्यात हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या आहेत. कुणाच्या शेतातून जायला परवानगी आहे हे नकाशावरून कळतं, ही मोठीच सोय.

नवाप्रवासी (पिंपरी)

वेताळटेकडी ताई, मी पुढच्या महिन्यात सुवॉनलाच निघालो आहे. आई-बाबाही काही महिन्यांनी येतील. दोघांना स्मार्टफोन जेमतेम चालवता येतो, इंग्रजीही फारसं नाही. त्यांच्यासाठी काय करावं?

वेताळटेकडी (पुणे)

अभिनंदन! माझे बाबा आले होते तेव्हा आम्ही हे केलं. पर्यटक माहिती केंद्रातून शहराचा छापील नकाशा आणला, त्यावर घर, बाग, बसथांबा, औषधाचं दुकान आणि माझं ऑफिस यांच्याभोवती वेगवेगळ्या रंगांनी गोल काढले आणि शेजारी मराठीत लिहिलं. बसचा क्रमांक आकड्यातच असतो, तो मोठ्या अक्षरात. मागच्या बाजूला घराचा पत्ता हांगुलमध्ये, माझा तिथला फोन नंबर आणि ११९. घडी घालून त्यांच्या खिशात. पहिले काही दिवस त्यांच्याबरोबर तीच वाट चाललो. मग बाबा एकटे बागेत जाऊन यायला लागले, आणि तिथल्या आजोबांना नकाशा दाखवून खाणाखुणांनी गप्पाही मारायला लागले.

वेळ काढून सुवॉनमधलं नकाशांचं संग्रहालय बघा. कोरियाच्या राष्ट्रीय भूमापन संस्थेच्या आवारातच आहे. लेकाला इतकं आवडलं की आम्ही पुन्हा गेलो.

तुम्हाला कंपनीच्या घराचा कोरियन पत्ता मिळाला की तो इथे उघड्यावर टाकू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इमारतीचं खरं प्रवेशद्वार, जवळचा मेट्रो एक्झिट आणि रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान खूण करून पाठवते. जाण्याआधी ते नेव्हरवर साठवून ठेवा, आणि देशाचा नकाशा ऑरगॅनिक मॅप्सवर इथल्या वायफायवरच उतरवून घ्या.